एक सोर्स, नऊ बायनरी: डेबियनच्या आर्काइव्हमध्ये पॅकेज नेमके कुठे ठेवायचे?

डेबियन या लिनक्स प्रणालीत प्रोग्राम 'पॅकेज' या रूपात येतात: मूळ कोडचे सोर्स पॅकेज आणि त्यातून बांधलेली, संगणकावर बसवायची बायनरी पॅकेजे. ती सगळी आर्काइव्ह नावाच्या साठ्यात असतात. पॅकेजची माहिती देणाऱ्या कंट्रोल फाइलमध्ये 'सेक्शन' नावाची एक ओळ असते. तिथे एखादा शब्द लिहिला की काम झाले असे वाटते, म्हणून बहुतेक जण ती सगळ्यात शेवटी, घाईत भरतात. खरे तर त्या ओळीत दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधलेले आहेत. पहिला प्रश्न क्षेत्राचा: मेन, कॉन्ट्रिब, नॉन-फ्री की नॉन-फ्री-फर्मवेअर? दुसरा विषयाचा: ग्राफिक्स, सायन्स, हॅमरेडिओ (हौशी रेडिओ), लिब्ज (लायब्ररी) की आणखी काही? पहिल्याचे उत्तर लायसन्स आणि अवलंबित्व (पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजे) देतात, तिथे आवडीनिवडीला जागा नाही. दुसऱ्याचे उत्तर वापरणारा माणूस देतो. दोन्हींची गल्लत झाली, किंवा अख्ख्या सोर्ससाठी एकदाच उत्तर देऊन हात झटकले, की पुढची सगळी गुंतागुंत तिथून सुरू होते.

इथे एकच प्रकरण शेवटपर्यंत सोडवले आहे. पॅकेज कल्पित आहे, त्याला 'नभचित्र' म्हणू. त्यात येणाऱ्या अडचणी मात्र रोजच्या आहेत.

हातात काय आहे

नभचित्र हवामान उपग्रहांचे रेडिओ संकेत घेऊन त्यांची चित्रे बनवते. संगणकाला यूएसबी रिसीव्हर जोडायचा, १३७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा संकेत रेकॉर्ड करायचा आणि प्रोग्रामने तो उलगडून ढगांचे चित्र दाखवायचे. आवृत्ती १ आधीच डेबियनमध्ये आहे. तिची बायनरी दोन: कमांड लाइनचे 'नभचित्र' आणि खिडकीवाले 'नभचित्र-क्यूटी'. दोन्ही मेनमध्ये, सेक्शन ग्राफिक्स.

आवृत्ती २ मध्ये मूळ लेखकांनी बरेच काही हलवले. उलगडण्याचे काम वेगळ्या सी++ लायब्ररीत गेले, पायथनसाठी जोडणी आली आणि मॅन्युअल जाडजूड झाले. चित्राखाली दाखवायला डोंगरदऱ्यांचा उठाव असलेला जगाचा नकाशा आला. एका विशिष्ट रिसीव्हरसाठी प्लगइनही आले, आणि त्या रिसीव्हरची लायब्ररी निर्माता बंद स्वरूपातच देतो. आता खिडकीवाल्या प्रोग्रामचे नाव नुसते 'नभचित्र' आणि कमांड लाइनचे 'नभचित्र-सीएलआय'. याशिवाय लायब्ररी, तिचे डेव्हलपमेंट पॅकेज, पायथन मॉड्यूल, डेटा, मॅन्युअल आणि प्लगइन. जुन्या 'नभचित्र-क्यूटी' नावाचे एक रिकामे पॅकेजही हवे, म्हणजे जुन्या वापरकर्त्यांचे अपग्रेड तुटणार नाही. एकूण नऊ.

पहिल्या मसुद्यात सेक्शनची ओळ फक्त वर, सोर्सच्या परिच्छेदात होती: ग्राफिक्स. बायनरीच्या परिच्छेदात सेक्शन लिहिले नाही तर सोर्सचे मूल्यच खाली उतरते. त्यामुळे लायब्ररीपासून मॅन्युअलपर्यंत सगळी नऊ पॅकेजे 'ग्राफिक्स' झाली, आणि तीही मेनमध्ये. यातल्या दोन गोष्टी नियमाने चुकीच्या होत्या आणि बाकीच्या बहुतेक वाचकाला चुकीच्या जागी नेणाऱ्या.

आधी क्षेत्र, मग विषय

डेबियनचा सामाजिक करार १९९७ साली स्वीकारला गेला. मुक्त सॉफ्टवेअरची मार्गदर्शक तत्त्वे, म्हणजे डीएफएसजी, त्याचाच भाग आहेत. मेनमध्ये यायला दोन अटी लागतात. पॅकेज या तत्त्वांत बसले पाहिजे, आणि ते बांधायला किंवा चालवायला मेनबाहेरचे काही लागता कामा नये. दुसऱ्या अटीचा नेमका अर्थ असा: कंट्रोल फाइलमधल्या डिपेंड्स, प्री-डिपेंड्स (चालायला हवेच असे), रेकमेंड्स (शिफारस) आणि सगळ्या प्रकारचे बिल्ड-डिपेंड्स (बांधायला लागणारे) या ओळींत मेनबाहेरचे पॅकेज येता कामा नये. अपवाद एकच. मेनमधल्या पॅकेजला पर्याय म्हणून, उभ्या रेघेनंतर दुसऱ्या जागी ते लिहिलेले चालते. सजेस्ट्समध्ये, म्हणजे नुसत्या सुचवणीच्या ओळीत, मात्र बाहेरचे नाव खुशाल घ्यावे.

रेकमेंड्सवर पुष्कळ जण घसरतात. 'शिफारसच तर आहे, सक्ती कुठे?' असा विचार होतो. पण एपीटी हे पॅकेजे बसवणारे साधन शिफारस केलेली पॅकेजे मूळ मांडणीत आपोआप बसवते, म्हणून नियमही तिला अवलंबित्वाच्याच रांगेत धरतो.

कॉन्ट्रिबमध्ये जाणारे सॉफ्टवेअर स्वतः मुक्त असते, पण बांधायला किंवा चालायला मेनबाहेरच्या कशावर तरी टेकते. ज्याचे लायसन्सच तत्त्वांत बसत नाही पण ज्याचे वितरण करायला परवानगी आहे, ते नॉन-फ्रीमध्ये. वितरणाचीच परवानगी नसेल तर डेबियनमध्ये त्याला जागाच नाही. नॉन-फ्री हे उरल्यासुरल्यासाठीचे कोठार नव्हे. चौथे क्षेत्र नॉन-फ्री-फर्मवेअर. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी केलेल्या मतदानानंतर ते आले आणि जून २०२३ मध्ये निघालेल्या बुकवर्म या आवृत्तीपासून वापरात आहे. त्यात फक्त हार्डवेअरमध्ये भरायचे फर्मवेअर जाते. प्लगइन हार्डवेअरशी बोलते म्हणून ते तिथे जाईल असे समजू नका, कारण प्लगइन संगणकाच्या प्रोसेसरवर चालते.

नकाशाची गाठ

सोर्सच्या मुळाशी असलेली लायसन्सची फाइल जीपीएल ३ हे मुक्त लायसन्स सांगते. लायसन्सचेक हे फाइलींची लायसन्स ओळखणारे साधन चालवले तर प्रत्येक सी++ फाइलपुढे जीपीएल उमटते. इथे थांबले तर पॅकेज निर्धास्त मेनमध्ये जाईल, आणि तीच चूक ठरेल. लायसन्सचेक प्रामुख्याने फाइलींच्या मजकुरातल्या लायसन्सच्या ओळी वाचते. चित्रांच्या फाइलींत अशा ओळी बहुधा नसतात. नकाशांच्या फोल्डरमध्ये वेगळी रीडमी होती आणि तिच्यात लिहिले होते की उठावाचा नकाशा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एनसी ४.० अटींवर आहे. एनसी म्हणजे व्यावसायिक वापराला मनाई. डीएफएसजीचे सहावे कलम सांगते की लायसन्सने कोणत्याही कार्यक्षेत्राविरुद्ध भेदभाव करू नये, आणि व्यवसाय हेही एक कार्यक्षेत्रच आहे. म्हणून नकाशा मेनमध्ये बसत नाही.

इथे पहिला विचार असा येतो की डेटाची बायनरी नॉन-फ्रीमध्ये टाकावी आणि बाकी मेनमध्ये ठेवावे. हे चालत नाही, कारण मेनमध्ये सोर्स पॅकेजही असते. सोर्सच्या टारबॉलमधली (मूळ फाइलींच्या एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यातली) प्रत्येक फाइल मुक्त असावी लागते, मग ती कोणत्याही बायनरीत गेली नाही तरी. टारबॉलमध्ये नकाशा राहिला तर अख्खा सोर्सच नॉन-फ्रीमध्ये जातो आणि त्याच्यासोबत लायब्ररी, पायथन मॉड्यूल, सगळेच. मेनमधले दुसरे कोणतेही पॅकेज मग त्या लायब्ररीवर विसंबू शकणार नाही. एका नकाशापायी एवढी किंमत देणे शहाणपणाचे नाही.

म्हणून टारबॉल पुन्हा बांधायचा. डेबियन फोल्डरमधल्या कॉपीराइट फाइलच्या शीर्षभागात 'फाइल्स-एक्सक्लुडेड' या ओळीत नकाशाच्या फाइलींचा मार्ग लिहायचा. मूळ लेखकांची नवी आवृत्ती कुठे शोधायची हे सांगणाऱ्या वॉच फाइलमध्ये रिपॅकचा (पुन्हा बांधल्याचा) प्रत्यय '+डीएफएसजी' असा द्यायचा. मग यूस्कॅन हे साधन मूळ टारबॉल उतरवून त्यातून त्या फाइली गाळते आणि नव्या नावाने टारबॉल बनवते. आवृत्ती होते २.०+डीएफएसजी-१. लायसन्सच्या कारणाने काही काढले नसेल, फक्त पॅकेजला नको असलेल्या लायब्ररींच्या प्रती वगैरे काढल्या असतील, तर '+डीएस' हा प्रत्यय लावतात. प्रत्यय बरोबर निवडावा, कारण पुढचा मेंटेनर (पॅकेज सांभाळणारा) त्यावरूनच ओळखतो की या फाइली परत आणणे धोक्याचे आहे की नुसते अनावश्यक.

नकाशा काढल्यावर प्रोग्राम सुरूच होईना. सुरुवातीलाच फाइल शोधायची आणि न मिळाल्यास थांबायचे, असा कोड होता. इथे निर्णयाची खरी कसोटी लागते. नकाशाशिवाय प्रोग्राम काहीच करू शकत नसेल तर तो मुक्त असूनही कॉन्ट्रिबचा ठरतो. पण उपग्रहाचे चित्र उलगडायला नकाशा लागतच नाही, तो फक्त खाली अंथरायला आहे. म्हणून कोडमध्ये २ पॅच (छोट्या दुरुस्त्या) लागले. एकाने नकाशा नसतानाही प्रोग्राम चालू राहतो. दुसऱ्याने नकाशाच्या जागी नॅचरल अर्थ या नकाशासंग्रहातली किनारपट्टी आली. नॅचरल अर्थचा डेटा सार्वजनिक मालकीचा आहे आणि १:१ कोटी, १:५ कोटी व १:११ कोटी अशा तीन प्रमाणांत मिळतो. पूर्ण पृथ्वीच्या चित्रासाठी मधले प्रमाण पुरते. किनारपट्टीचे तयार चित्र न देता तिच्या वेक्टर फाइली सोर्समध्ये ठेवून चित्र बिल्डच्या वेळी काढणे बरे, कारण बदल ज्या रूपात करायचा ते रूप सोर्समध्ये हवे.

ओपनटीटीडी या खेळाचे उदाहरण इथे नेमके लागू पडते. त्याचे इंजिन पहिल्यापासून मुक्त होते, पण खेळायला जुन्या बंद खेळाच्या चित्रांच्या फाइली लागत, म्हणून ते कॉन्ट्रिबमध्ये होते. ओपनजीएफएक्स ही मुक्त चित्रे तयार झाली तेव्हा मेनचा रस्ता उघडला. अडसर कोडमध्ये नव्हता, चित्रांमध्ये होता.

उठावाचा नकाशाच हवा असणाऱ्यांसाठी वेगळे सोर्स पॅकेज करून ते नॉन-फ्रीमध्ये देता येते, कारण एनसी अट वितरणाला आड येत नाही. नभचित्रने त्याचे नाव सजेस्ट्समध्ये घ्यावे. एक व्यावहारिक गोष्ट: नॉन-फ्रीमधली पॅकेजे डेबियनचे बिल्ड-सर्व्हर आपणहून बांधत नाहीत. लायसन्स परवानगी देत असेल तर कंट्रोल फाइलमध्ये 'एक्सएस-ऑटोबिल्ड: येस' लिहून, कारणासह परवानगी मागावी लागते.

प्रोग्राममध्ये 'उठावाचा नकाशा उतरवा' असे बटणही होते. ते ठेवले तरी चालते. वापरणारा स्वतः मागतो तेव्हाच नकाशा येतो आणि त्यावाचून काही अडत नाही. हेच काम पॅकेज बसवताना आपोआप झाले असते, तर ते कॉन्ट्रिबचे लक्षण ठरले असते. मायक्रोसॉफ्टचे फाँट उतरवून बसवणारे टीटीएफ-एमएसकोअरफाँट्स-इन्स्टॉलर याच कारणाने कॉन्ट्रिबमध्ये आहे. बिल्ड चालू असताना इंटरनेटवरून काही आणणे तर मेनमध्ये साफ निषिद्ध.

मॅन्युअल जीएनयू फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्सखाली आहे. अशा मॅन्युअलमध्ये न बदलता येणारे भाग, म्हणजे इनव्हेरियंट सेक्शन, असतील तर ते मेनमध्ये येत नाही. नसतील तर २००६ च्या मतदानानुसार येते. नभचित्रच्या मॅन्युअलमध्ये असे भाग नाहीत. ईमॅक्स या संपादकाच्या मॅन्युअलमध्ये आहेत, म्हणून ती 'ईमॅक्स-कॉमन-नॉन-डीएफएसजी' या नावाने नॉन-फ्रीमध्ये वेगळी ठेवावी लागतात.

प्लगइनचे काय

प्लगइनचा कोडही जीपीएलखालीच आहे आणि बंद लायब्ररीला जोडण्यासाठी लेखकांनी त्यात स्पष्ट सूट दिली आहे. ती सूट नसती तर क्षेत्राचा प्रश्नच उरला नसता, कारण मुळात जीपीएल कोड असा जोडून वाटता येत नाही. हे आधी तपासावे.

मेनमधल्या सोर्समधून एखादी बायनरी कॉन्ट्रिबमध्ये पाठवता येते. बंबलबीचे तसेच आहे: मूळ पॅकेज मेनमध्ये, तर एनव्हिडियाच्या बंद ड्रायव्हरवर टेकणारे बंबलबी-एनव्हिडिया कॉन्ट्रिबमध्ये. उलटे मात्र होत नाही. कॉन्ट्रिबच्या सोर्समधून मेनची बायनरी निघू शकत नाही.

मग प्लगइनच्या परिच्छेदात 'कॉन्ट्रिब/हॅमरेडिओ' लिहिले की भागले का? नाही. प्लगइन बांधायला निर्मात्याच्या हेडर फाइली (लायब्ररी कशी वापरायची हे सांगणारा कोड) लागतात आणि त्या नॉन-फ्रीमधल्या पॅकेजमध्ये आहेत. ते बिल्ड-डिपेंड्समध्ये लिहिले की मेनचा सोर्स मेनबाहेरच्या पॅकेजवर अवलंबून झाला. बंद लायब्ररी फक्त चालवताना लागते की बांधतानाही, या एका गोष्टीवर सगळे ठरते. चालवतानाच लागत असती, म्हणजे प्लगइन तिला डीएलओपनने, प्रोग्राम चालू असतानाच, उघडत असते आणि हेडर लेखकांनी स्वतः लिहिले असते, तर सोर्स एकच ठेवून बायनरीपुरते कॉन्ट्रिब पुरले असते. इथे तसे नाही. म्हणून प्लगइनचा स्वतंत्र सोर्स करून तो कॉन्ट्रिबमध्ये ठेवला. तो मेनमधल्या लायब्ररीच्या डेव्हलपमेंट पॅकेजवर आणि नॉन-फ्रीमधल्या हेडरवर बांधला जातो. नभचित्रकडून त्याचा उल्लेख सजेस्ट्समध्येच.

ही वाटणी बरोबर झाली का हे तपासायचा सोपा मार्ग म्हणजे फक्त मेन चालू असलेल्या कोऱ्या क्रूटमध्ये (वेगळ्या काढलेल्या प्रणालीत) एसबिल्ड किंवा पीबिल्डर या साधनाने बांधून पाहणे, आणि तयार पॅकेजे तशाच दुसऱ्या कोऱ्या जागी बसवून प्रोग्राम सुरू करणे. स्वतःच्या रोजच्या संगणकावर हे करू नये. तिथे कॉन्ट्रिब आणि नॉन-फ्री बहुधा चालू असतात, त्यामुळे चूक झाकली जाते. मेनबाहेरचे अवलंबित्व ही 'सीरियस' दर्जाची बग आहे आणि ती राहिली तर पॅकेज पुढच्या स्थिर आवृत्तीत जात नाही.

विषय ठरवताना

आता दुसरा प्रश्न. इथे चूक झाली तर कुणी पॅकेज परत पाठवत नाही, म्हणून इथला आळस जास्त काळ टिकतो.

नभचित्र चित्रे बनवते, म्हणून ग्राफिक्स? ग्राफिक्समध्ये चित्र काढायला, सुधारायला, बघायला लागणारी साधने आहेत. ती यादी चाळणाऱ्याला रेडिओ संकेत उलगडायचा नसतो. सायन्स जवळचे वाटते, पण तिथे हवामानाच्या तयार डेटावर हिशेब करणारा येतो. त्याच्या हातात संख्यांच्या फाइली असतात, अँटेना नसते. 'कॉम' हा सेक्शन नावावरून संदेशवहनाचा वाटतो, पण त्याचा गाभा मोडेम आणि सीरियल जोडणीचा आहे.

हॅमरेडिओविरुद्ध एक आक्षेप घेता येतो की नुसते संकेत ऐकणारा माणूस हॅम नसतो. आक्षेप खरा आहे, पण निर्णय बदलत नाही. उपग्रह कधी डोक्यावर येईल हे सांगणारे जीप्रेडिक्ट तिथेच आहे, रेडिओवरचे डिजिटल संदेश उलगडणारे फ्लडिजी तिथेच आहे. ज्याला नभचित्र हवे त्याच्याकडे यातले एखादे बसवलेले असणारच. सेक्शन निवडताना व्याख्येपेक्षा शेजार जास्त खरे बोलतो. वापरणारा तुमच्या पॅकेजबरोबर जी तीनचार पॅकेजे बसवेल ती मनात आणा, एपीटी-कॅशच्या 'शो' आज्ञेने त्यांच्या सेक्शनची ओळ बघा, आणि बहुमत जिकडे असेल तिकडे जा.

आतला कोड कशात लिहिला आहे यावरून सेक्शन ठरवू नये. पायथन, पर्ल, रुबी, रस्ट हे सेक्शन त्या भाषांच्या मॉड्यूलसाठी आणि साधनांसाठी आहेत. पायथनमध्ये लिहिलेला खेळ 'गेम्स'मध्येच जातो. खिडक्या बनवायला क्यूटी वापरले म्हणून केडीई नाही, जीटीके वापरले म्हणून नोम नाही. केडीई आणि नोम हे त्या त्या प्रकल्पांच्या डेस्कटॉपशी बांधलेल्या गोष्टींचे. खिडकी उघडते म्हणून एक्स११ तर मुळीच नाही. 'मिस्क' ही शेवटची जागा, आणि तिथे जायचे ठरवण्याआधी पूर्ण यादी एकदा तरी वाचावी. इलेक्ट्रॉनिक्स, एम्बेडेड, एज्युकेशन असे विभाग आहेत हेच अनेकांच्या लक्षात नसते.

म्हणून सोर्सच्या परिच्छेदात हॅमरेडिओ. खिडकीवाला प्रोग्राम आणि कमांड लाइन यांना ते वरूनच मिळते. डेटाचे पॅकेजही प्रोग्रामच्याच सेक्शनमध्ये राहू द्यावे. ते एकटे कुणी शोधत नाही. बाकीच्यांना स्वतःची ओळ हवी: चालवायची लायब्ररी लिब्जमध्ये, डेव्हलपमेंट पॅकेज लिबडेव्हेलमध्ये, 'पायथन३-' ने सुरू होणारे पायथनमध्ये, '-डॉक' ने संपणारे डॉकमध्ये. डीबगची चिन्हे असलेली डीबीजीसिम पॅकेजे आपोआप तयार होतात आणि डीबग हा सेक्शन आपणच घेतात. त्यांच्यासाठी कंट्रोल फाइलमध्ये काही लिहायचे नाही. नावावरून ठरणाऱ्या या जागा चुकल्या तर लिंटियन हे तपासणीचे साधन 'राँग-सेक्शन-अकॉर्डिंग-टू-पॅकेज-नेम' असा शेरा मारते. हॅमरेडिओ की ग्राफिक्स, हे मात्र कोणतेही साधन सांगणार नाही.

जिथे सेक्शनने वर्तन बदलते

सेक्शन नुसते लेबल असते तर इतके लिहायची गरज नव्हती. पण एपीटी काही सेक्शन वाचून वेगळे वागते. त्यांतले दोन इथे पाहू.

पहिला मेटापॅकेजेस, म्हणजे स्वतः रिकामी असून इतर पॅकेजे ओढून आणणारी पॅकेजे. या सेक्शनमधले पॅकेज काढले तरी त्याने ओढून आणलेली पॅकेजे एपीटी 'आता नकोशी' म्हणून झाडून टाकत नाही. डेस्कटॉपचे मोठे मेटापॅकेज काढल्यावर अख्खा डेस्कटॉप जाऊ नये, यासाठी ही सोय. स्वतःचा कोड असलेले पॅकेज या सेक्शनमध्ये टाकले तर उलटा त्रास होतो: ते काढूनही त्याच्या लायब्ररी तशाच पडून राहतात.

दुसरा ओल्डलिब्ज, आणि आपल्या प्रकरणात तोच महत्त्वाचा. नाव बदलल्यावर ठेवलेले रिकामे पॅकेज इथे जाते. जुन्या वापरकर्त्याने कधीतरी स्वतः 'नभचित्र-क्यूटी' बसवले होते, म्हणून त्यावर 'हाताने बसवलेले' अशी खूण आहे. अपग्रेडनंतर ते रिकामे होते आणि नव्या 'नभचित्र' वर डिपेंड करते. ओल्डलिब्ज दिसले की एपीटी हाताची खूण रिकाम्या पॅकेजवरून काढून नव्यावर ठेवते. मग रिकामे पॅकेज निर्धास्त काढता येते. सेक्शन ओल्डलिब्ज नसेल तर खूण जागची हलत नाही, आणि पुढे कुणी साफसफाई करताना रिकामे पॅकेज काढले की एपीटीची ऑटोरिमूव्ह ही नकोशी पॅकेजे झाडणारी आज्ञा प्रोग्रामही घेऊन जाते.

अपलोड झाले, पण सेक्शन बदलला नाही

नवी बायनरी नावे असल्यामुळे अपलोड न्यू या नव्या नावांच्या तपासणीच्या रांगेत गेले, तपासले गेले, आत आले. लायब्ररी, डेव्हलपमेंट, पायथन, डॉक सगळे ठरल्या जागी दिसले. 'नभचित्र' मात्र अजून ग्राफिक्समध्ये, आणि 'नभचित्र-क्यूटी' सुद्धा. बांधलेल्या पॅकेजची डेब फाइल डीपीकेजी-डेबच्या 'डॅश एफ' पर्यायाने उघडली तर आत हॅमरेडिओ आणि ओल्डलिब्ज अगदी बरोबर लिहिलेले. तरी एपीटी-कॅश ग्राफिक्स सांगते.

कारण आर्काइव्हच्या इंडेक्समधला सेक्शन कंट्रोल फाइलमधून येत नाही. तो ओव्हरराइड फाइलमधून येतो, आणि ती एफटीपी मास्टर, म्हणजे आर्काइव्हचे व्यवस्थापक, सांभाळतात. कंट्रोल फाइलमधले मूल्य हा मेंटेनरचा प्रस्ताव. नवे नाव न्यू रांगेतून येते तेव्हा प्रस्ताव बघून ओव्हरराइडची नोंद होते. जुन्या नावाची नोंद आधीच असते आणि ती अपलोडने हलत नाही. म्हणून नेमकी जुनी दोन नावे अडकली. तफावत आहे असे सांगणारी मेल अपलोडनंतर मेंटेनरला येते. ती नेहमीची सूचना समजून बाजूला सारली जाते, आणि इथे तिच्यामागे ऑटोरिमूव्हचा धोका उभा आहे.

उपाय सोपा. एफटीपी.डेबियन.ऑर्ग या नाममात्र पॅकेजवर रिपोर्टबग या साधनाने ओव्हरराइड प्रकारची बग नोंदवायची. शीर्षकात पॅकेजचे नाव, सेक्शन आणि प्राधान्य अशा क्रमाने: 'ओव्हरराइड: नभचित्र:हॅमरेडिओ/ऑप्शनल, नभचित्र-क्यूटी:ओल्डलिब्ज/ऑप्शनल'. आत कारण दोन ओळींत द्यावे, आणि सोर्सच्या नोंदीचाही उल्लेख करावा. प्राधान्य ऑप्शनलच. 'एक्स्ट्रा' हे जुने प्राधान्य आता वापरायचे नाही. बदल मंजूर झाला की आर्काइव्हच्या पुढच्या फेरीत इंडेक्स सुधारतो, नवे अपलोड लागत नाही. पण कंट्रोल फाइल आधी दुरुस्त केलेली हवी, नाहीतर प्रत्येक अपलोडला उलट्या बाजूने तफावतीची मेल येत राहते.

डेबियनवर आधारलेल्या उबुंटूमध्ये याच पॅकेजची मांडणी वेगळी दिसते. तिथे मेन आणि युनिव्हर्स यांच्यातली रेघ लायसन्सची नाही, आधाराची आहे. डेबियन मेनमधून आलेले नभचित्र साधारणपणे युनिव्हर्समध्ये बसेल आणि कॉन्ट्रिब व नॉन-फ्रीमधले तुकडे मल्टिव्हर्समध्ये. सॉफ्टवेअर सेंटरसारख्या प्रोग्रामांतली वर्गवारी तर प्रोग्रामची मेनूतली नोंद देणाऱ्या डेस्कटॉप फाइलच्या कॅटेगरीजमधून येते, सेक्शनमधून नाही. तिथे हॅमरेडिओ ही अतिरिक्त कॅटेगरी आहे, म्हणून तिच्यासोबत नेटवर्कसारखी एक मुख्य कॅटेगरी लिहायची.

पुढे रिसीव्हरच्या निर्मात्याने लायब्ररी मुक्त केली आणि ती मेनमध्ये आली, तर प्लगइनही हलवता येईल. त्याची रीत ओव्हरराइडच्या बगहून वेगळी आहे. क्षेत्र बदलायचे तर कंट्रोल फाइलमधला 'कॉन्ट्रिब/' हा भाग सोर्स आणि बायनरी दोन्हीकडून काढून पुन्हा अपलोड करायचे, आणि अपलोडमध्ये मूळ टारबॉल द्यायचाच. अपस्ट्रीमची, म्हणजे मूळ लेखकांची, आवृत्ती बदलांच्या यादीतल्या मागच्या नोंदीसारखीच असेल तर डीपीकेजी-बिल्डपॅकेज टारबॉल आपणहून वगळते, कारण तिच्या मते तो आर्काइव्हमध्ये आहे. पण तो असतो कॉन्ट्रिबच्या पूलमध्ये, मेनच्या नाही. म्हणून बांधताना 'डॅश एसए' हा पर्याय द्यायचा.